युरोपचं द्राक्षयंत्र स्वस्त होणार, पण बांधापर्यंत किती स्वस्त? ब्लोअर मागवण्याआधी हा हिशेब बघा

भारत आणि युरोपीय संघ यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ ला झाली. आपल्या भागात चर्चा झाली ती वाईनची. बाहेरून येणाऱ्या वाईनवर १५० टक्के आयात शुल्क होतं, ते उतरणार म्हटल्यावर वाईनची द्राक्षं लावणारे काळजीत पडले. ती काळजी खरीच आहे. पण याच करारात दुसरी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडं फार कुणी बघितलं नाही. युरोपातून येणाऱ्या बहुतांश यंत्रांवरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं काढलं जाणार आहे.

म्हणजे इटलीचा ब्लोअर, फ्रान्सचं छाटणी यंत्र, पाला आणि काडी बारीक करणारा श्रेडर, हे सगळं स्वस्त होणार. "आता थांबा, अजून दोन वर्षांनी इम्पोर्टेड मशीन देशीच्या भावात मिळेल," असं बोलणारे व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच तयार होतात. काही जण तर म्हणतात की डीलर कशाला पाहिजे, चार जण मिळून थेट तिकडून मागवू.

हे खरं आहे का? निफाड, दिंडोरी, चांदवडपासून तासगाव, कवठेमहांकाळपर्यंत ज्यांच्या बागा आहेत त्यांच्यासाठी हा लाख-दीड लाखाचा प्रश्न आहे. २०२५ साली मे महिन्यापासून लागलेल्या पावसानं घडनिर्मितीवरच घाव घातला. अनेकांच्या डोक्यावर मागच्या हंगामाचं कर्ज तसंच आहे. अशा वेळी यंत्राचा निर्णय चुकला तर तो पाच-सात वर्षं फेडावा लागतो. म्हणून शांतपणे हिशेब मांडू.

शुल्क आधी किती होतं?

पहिली गोष्ट, शेतीच्या फवारणी यंत्रावर वाईनसारखं दीडशे टक्के शुल्क कधीच नव्हतं. मूळ सीमा शुल्क साधारण साडेसात टक्के. त्या शुल्कावर दहा टक्के समाज कल्याण अधिभार, म्हणजे आणखी पाऊण टक्का. या सगळ्यावर मग जीएसटी. हा जीएसटी आधी १२ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि शेती यंत्रांवर तो ५ टक्के झाला.

आता समजा एक यंत्र जहाजभाडं आणि विमा धरून आपल्या बंदरात १० लाखाला पोचलं.

जुन्या जीएसटीच्या वेळी: १० लाख, अधिक शुल्क ७५ हजार, अधिक अधिभार साडेसात हजार, त्यावर १२ टक्के जीएसटी. एकूण १२ लाख १२ हजार ४०० रुपये.

जीएसटी ५ टक्के झाल्यावर: तेच यंत्र ११ लाख ३६ हजार ६२५ रुपये.

करारामुळं शुल्क पूर्ण शून्य झाल्यावर: १० लाख ५० हजार रुपये.

म्हणजे जीएसटी कमी झाल्यानं सुमारे ७६ हजार वाचले, ते आजच वाचतायत. करारामुळं आणखी साधारण ८६ हजार ६०० वाचतील, पण ते करार प्रत्यक्ष लागू झाल्यावर. वाटाघाटी पूर्ण होणं म्हणजे करार लागू होणं नव्हे. कायदेशीर मसुदा, सह्या, युरोपच्या संसदेची मंजुरी, असं सगळं मध्ये आहे. आणि लागू झाला तरी काही यंत्रांचं शुल्क पहिल्याच दिवशी जाईल, काहींचं वर्षावर्षाला थोडं थोडं उतरेल. आपल्याला हवं ते यंत्र कोणत्या यादीत आहे हे त्याच्या एचएस कोडवरून ठरतं. विकणाऱ्याकडून हा कोड लेखी मागून घ्या.

युरोनं काय केलं ते बघा

आता दुसरी बाजू. २०२५ च्या सुरुवातीला एक युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता. वर्ष संपेपर्यंत तो शंभरच्या बराच पुढं गेला.

नव्वदच्या भावानं जे यंत्र १० लाखाचं, तेच यंत्र युरो १०५ झाला की ११ लाख ६६ हजारांचं होतं. कारखान्यानं एक पैसा भाव वाढवलेला नसताना १ लाख ६६ हजार वाढले. वर जीएसटीची आणि कराराची अशा दोन्ही सवलतींची बेरीज केली तर १ लाख ६२ हजार होते. म्हणजे सरकारनं दोन हातांनी दिलेलं युरोनं एका हातानं काढून घेतलं.

आणखी एक बारकी गोष्ट. शुल्क आणि जीएसटी नुसत्या यंत्राच्या किमतीवर लागत नाहीत, यंत्र अधिक जहाजभाडं अधिक विमा अशा एकूण रकमेवर लागतात. त्यामुळं जहाजभाडं वाढलं की करही वाढतो, युरो वाढला की करही वाढतो.

याचा अर्थ करार बिनकामाचा आहे असा नाही. पण "करार झाला, आता भाव निम्म्यावर" हे जे बोललं जातंय त्याला आधार नाही. शुल्कातून मिळणारा फायदा आठ-साडेआठ टक्क्यांचा आहे. तो खिशात पडतो की डीलरच्या मार्जिनमध्ये मुरतो, हे पुढचं.

आणि देशी ब्लोअर घेतला म्हणजे युरोशी संबंध संपला असंही नाही. नाशिकमध्ये ब्लोअर बनवणाऱ्या कंपन्या आहेत, पिंपळगाव ते तासगाव लहान-मोठी वर्कशॉपही आहेत. पण चांगल्या देशी ब्लोअरमधला पंप, नोझल असे नाजूक भाग अनेकदा इटलीचेच असतात. मोदेना, रेज्जो एमिलिया या भागात असे पंप बनवणारे जुने कारखाने आहेत. त्यामुळं युरो वाढला की देशी यंत्राचाही भाव हलतो, फक्त कमी हलतो.

समुद्रातला रस्ता

इटलीच्या जेनोआ किंवा ला स्पेत्सिया बंदरातून निघालेला कंटेनर सुएझ कालव्यातून, तांबड्या समुद्रातून आपल्या न्हावा शेवाला येतो. हाच रस्ता उलट्या दिशेनं आपली द्राक्षं रॉटरडॅमला नेतो. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी वाढला, भाडं भडकलं. २०२४ च्या हंगामात निर्यातदारांनी त्याचा चटका सोसला. तेव्हापासून हा मार्ग भरवशाचा राहिलेला नाही.

द्राक्षाला दहा दिवस म्हणजे मालाच्या टिकवणीचा प्रश्न. यंत्र काही सडत नाही. पण यंत्रालाही हंगाम असतो. ऑक्टोबर छाटणीनंतरचे पहिले साठ दिवस फवारणीचे. डाऊनी आणि भुरी त्याच दिवसांत पकडावी लागते. तोवर यंत्र बंदरात अडकलेलं असेल तर त्या वर्षी त्याचा उपयोग शून्य आणि हप्ता मात्र सुरू.

म्हणून मागून पुढं मोजा. यंत्र सप्टेंबरच्या मध्याला बागेत चालू हवं. त्याआधी जोडणी आणि चाचणीला पंधरा दिवस. बंदरातली कागदपत्रं, कस्टम्स, नाशिकपर्यंतची गाडी याला एक-दोन आठवडे. समुद्रात पाच-सहा आठवडे धरायचे, कारण वळसा पडू शकतो. म्हणजे माल जुलैच्या सुरुवातीला तिकडून निघायला हवा. ऑगस्टवर विसंबू नका, इटलीत ऑगस्टमध्ये बहुतेक कारखाने सुट्टीवर जातात. कारखान्याला बनवायला दोन-तीन महिने लागतात. हिशेब एप्रिलवर येतो. म्हणजे खरड छाटणीच्या गडबडीतच ऑर्डर द्यावी लागते. गणपतीत ऑर्डर देणाऱ्याला यंत्र पुढच्या वर्षासाठीच मिळणार.

कंटेनरमध्ये काय मावतं?

वीस फुटी कंटेनरच्या दाराची रुंदी साडेसात फुटांहून थोडी जास्त आणि उंचीही जवळपास तेवढीच. द्राक्षबागेचे ब्लोअर अरुंद असतात. चाकं आणि ओढदांडा काढला की एका कंटेनरमध्ये दोन-तीन बसू शकतात. पण एकट्यानं एकच मागवला तर दोनच मार्ग उरतात. अख्खा कंटेनर अर्धा रिकामा आणायचा, नाही तर इतरांच्या मालाबरोबर सुट्या मालाचा कंटेनर घ्यायचा. सुट्या मालात भाडं कमी दिसतं, पण बंदराबाहेरच्या गोदामात माल सोडवताना हाताळणीचे खर्च चढतात आणि दिवसही जास्त जातात.

मोठ्या तोडणी यंत्राची तर गोष्टच वेगळी. फ्रान्समध्ये बनणारी द्राक्ष तोडणीची यंत्रं आठ-दहा टनांची, दहा फुटांहून उंच असतात. ती बंद कंटेनरमध्ये मावत नाहीत. उघड्या सांगाड्यावर किंवा चालवत जहाजात चढवून आणावी लागतात. आणि आणून उपयोग तरी काय? ही यंत्रं वेलीच्या ओळीवर दोन्ही बाजूंनी बसतात आणि वेल हलवून मणी पाडतात. सरळ उभ्या तारेवरच्या वाईनच्या बागेत हे चालतं. आपल्या मांडवावर किंवा वाय पद्धतीवर खायच्या द्राक्षाचा घड असा हलवून पाडता येत नाही. सोशल मीडियावर त्या यंत्राचा व्हिडिओ बघून "मजुरांचा प्रश्न सुटला" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. विरळणी, डिपिंग, तोडणी या कामांना पेठ, सुरगाणा, डांगकडून येणारी माणसंच लागतात आणि सध्या तरी लागणार.

यंत्र आपल्या बागेला बसतं का?

युरोपातला ओढीव ब्लोअर हजार-दोन हजार लिटरच्या टाकीचा असतो. तो फिरवायला पन्नास-साठ एचपीचा ट्रॅक्टर लागतो. आपल्याकडं मांडवाखालून जायला बुटका, अरुंद, वीस ते अठ्ठावीस एचपीचा ट्रॅक्टर. त्याच्या पीटीओला मिळणारी ताकद आणखी कमी. पंखा मोठा आणि ताकद अपुरी असली की हवा कमी पडते, थेंब मोठे पडतात, ट्रॅक्टर तापतो आणि डिझेल उडतं. मग ते यंत्र कितीही नावाजलेलं असो.

वजनाचंही तेच. आपली काळी माती, त्यात ऑक्टोबरचा परतीचा पाऊस. औषधानं भरलेली जड टाकी चिखलात रुतली की ओळीत चाकोऱ्या पडतात आणि मुळांवरची माती दबते. तिकडचे मळे पुष्कळ ठिकाणी उतारावर, खडकाळ जमिनीत आहेत. त्या जमिनीसाठी बनवलेलं यंत्र आपल्याकडं तसंच चालेल असं गृहीत धरू नका.

ऑर्डर देण्याआधी पाच आकडे मागा: यंत्राची रुंदी, उंची, भरलेल्या टाकीसह वजन, लागणारी पीटीओ ताकद आणि पंख्याची हवा. हे पाच आकडे आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेशी आणि बागेच्या अंतराशी जुळवा. जुळत नसतील तर स्वस्त मिळूनही ते महागच.

जुनं यंत्र: सगळ्यात मोठा धोका इथं

युरोपात दहा वर्षं वापरलेलं यंत्र नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळतं. जाहिराती मोबाइलवर येतात, फोटो चकचकीत असतात. कायद्यानं जुनी यंत्रं आणायला सरसकट बंदी नाही. पण कस्टम्स तिथं बिलातली किंमत डोळे झाकून मान्य करत नाही. चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला लागतो, यंत्र किती जुनं, किती आयुष्य उरलं, खरी किंमत काय. तपासणीत किंमत जास्त ठरली तर कर जास्त. तोवर कंटेनर बंदरात उभा आणि दिवसाचं भाडं चालू.

दुसरं, माती. परदेशातून माती आणायला आपल्याकडं वनस्पती विलगीकरणाचे कडक नियम आहेत. बागेत चाललेल्या यंत्राच्या चाकात, सांध्यात माती आणि पाला राहतोच. द्राक्षवाल्यांनी तर हा नियम जाच समजू नये. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या बारीक किडीनं फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. आपण डॉगरिज खुंट लावतो तो पाण्याच्या ताणासाठी आणि क्षारांसाठी. युरोपनं अमेरिकन खुंटावर कलम करायला सुरुवात केली ती या किडीमुळं. ऑस्ट्रेलियात ती १८७७ मध्ये जिलाँगला सापडली. आज तिथं एका भागातून दुसऱ्या भागात द्राक्षयंत्र न्यायचं तरी धुऊन, निर्जंतुक करून न्यावं लागतं. न्यूझीलंडनं फेब्रुवारी २०१८ मध्ये गाड्या घेऊन आलेली जहाजं ढेकणासारख्या एका किडीसाठी बंदरातून परत पाठवली होती. ते देश एवढी काळजी घेत असतील तर आपण मातीनं भरलेलं यंत्र बिनधास्त बागेत घालावं का?

तिसरं, अनुदान. महाडीबीटीवरून कृषी यांत्रिकीकरणाचं अनुदान मिळवायचं तर यंत्राचा मान्यताप्राप्त संस्थेचा चाचणी अहवाल लागतो. स्वतः मागवलेल्या जुन्या यंत्राला ते अनुदान मिळणार नाही. म्हणजे स्वस्तात मिळालं म्हणून वाचवलेले पैसे आणि देशी यंत्रावर मिळू शकणारं अनुदान, हे दोन्ही समोरासमोर ठेवून बघा.

चौथं, स्पेअर. पावसानंतर दोन दिवस फवारणी थांबली की डाऊनी थांबत नाही. पंपाचा पडदा फाटला आणि तो बोलोन्याहून यायचा असेल तर हंगाम गेला. कमी किमतीचं पण पिंपळगावात भाग मिळणारं यंत्र अशा वेळी लाखमोलाचं ठरतं.

थेट मागवायचंच असेल तर

तरीही काहींना आयात करणं परवडू शकतं. ज्यांचं क्षेत्र मोठं आहे, निर्यातीची बाग आहे, औषधाचा थेंब आणि अंश दोन्ही सांभाळायचे आहेत त्यांना चांगला फवारा पैसे परत देतो. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, ते कुणी विसरलेलं नाही. अशांनी एवढं तरी पाळावं.

आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, काढा. तो डीजीएफटीकडं ऑनलाइन निघतो, शुल्क पाचशे रुपये. त्यासाठी एजंटला पाच-दहा हजार देऊ नका.

भाव कुठपर्यंतचा आहे ते विचारा. कारखान्याच्या दारातला भाव वेगळा, तिकडच्या जहाजावर चढवून दिलेला वेगळा, न्हावा शेवापर्यंतचा वेगळा. दोन कोटेशन याच कारणानं कमी-जास्त दिसतात.

लाकडी खोकं किंवा फळ्या असतील तर त्यावर आयएसपीएम १५ चा शिक्का हवा. म्हणजे ते लाकूड उष्णता किंवा धुरी देऊन कीडमुक्त केलेलं आहे. शिक्का नसेल तर माल बंदरात अडकतो.

सागरी विमा टाळू नका. २५ मे २०२५ ला एमएससी एल्सा ३ हे जहाज कोचीजवळ सहाशेचाळीस कंटेनरसह बुडालं. त्यानंतर पंधरवड्यातच कोलंबोहून न्हावा शेवाकडं येणारं वान हाय ५०३ केरळच्या समुद्रात पेटलं. शिवाय सागरी कायद्यात एक जुना नियम आहे. जहाज वाचवायला जो खर्च होतो तो सगळ्या मालाच्या मालकांना वाटून भरावा लागतो, मग तुमचा माल सुखरूप का असेना. २०२१ मध्ये सुएझमध्ये अडकलेल्या एव्हर गिव्हनच्या वेळी हेच झालं. विमा असेल तर ते विमा कंपनी बघते. नसेल तर आधी पैसे भरा, मग माल घ्या.

एकट्यानं नको

या सगळ्या खर्चात एक गोष्ट कायम आहे. कस्टम्स एजंट, कागदपत्रं, बंदराचा खर्च, इंजिनिअरची जोडणी, हे एका यंत्राला लागतं आणि थोड्याफार फरकानं तीन यंत्रांनाही लागतं. म्हणून हे काम शेतकरी उत्पादक कंपनीनं किंवा गटानं करायचं आहे. तीन-चार ब्लोअरचा एक कंटेनर, त्याच खेपेत दोन हंगामांचे स्पेअर आणि गावातल्या एका मिस्त्रीला तयार केलेलं, असं झालं तर करारातली ती आठ टक्क्यांची सवलत खरोखर बांधावर पोचेल.

द्राक्ष बागायतदार संघानं सभासदांची मागणी एकत्र करून कारखान्यांशी बोलावं. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानं अशी यंत्रं आपल्या वाय आणि मांडवाच्या बागेत चालवून, औषध पानाच्या खालच्या बाजूला किती पोचतं त्याचे आकडे शेतकऱ्यांसमोर ठेवावेत. निफाडच्या ड्रायपोर्टची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. तो झाला तर द्राक्षं इथून कंटेनरमध्ये भरून जातील तसं यंत्रही इथंच उतरवून घेता येईल, न्हावा शेवाच्या गोदामात दिवस मोजावे लागणार नाहीत.

आणि ज्यांना याच वर्षी ब्लोअर बदलायचाच आहे त्यांनी कराराची वाट बघत बसू नये. शुल्क गेल्यानं वाचणारे लाखभराच्या आतले पैसे युरोच्या एका उडीत जाऊ शकतात. पण जुन्या, गळक्या ब्लोअरवर काढलेल्या एका हंगामात डाऊनीनं जे जातं, ते कोणत्याही करारातून भरून येत नाही.